ॲलिसला रंगमंचावर आणायचंय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

लुईस कॅरलचं ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड’, सशामागे बिळात शिरलेल्या मुलीच्या अद्भुत स्वप्नाचं पुस्तक, १८६५ साली आलं. २३ डिसेंबर १८८६ रोजी लंडनच्या प्रिन्स ऑफ वेल्स थिएटरात त्याचा पहिला मोठा व्यावसायिक प्रयोग झाला. संहिता हेन्री सॅव्हिल क्लार्कची, संगीत वॉल्टर स्लॉटरचं. तेव्हापासून आजवर या पुस्तकाची नाटकं, ऑपेरा, बॅले, मूकनाट्यं असं सगळं झालं आहे, आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत तर ते सतत होतच असतं. आपल्याकडच्या शाळा, हौशी संस्था आणि परदेशातली मराठी मंडळंही या पुस्तकाकडे वळतात. कारण साधं आहे: खूप मुलांना काम मिळतं, प्राणी आहेत, राजा-राणी आहेत, गाणी आहेत.

पण बसवायला घेतलं की लक्षात येतं, हे नाटक अवघड आहे. ज्यांनी याआधी ते केलेलं नाही त्यांच्यासाठी, कामाच्या क्रमाने, हे लिहितो आहे.

आधी पुस्तक वाचा, सिनेमा बाजूला ठेवा

सगळ्यांच्या डोक्यात १९५१ चा डिस्नेचा चित्रपट असतो. तो काही काळ विसरा. पुस्तकं दोन आहेत: १८६५ चं ‘वंडरलँड’ आणि १८७१ चं ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’. दोन्हींत बारा-बारा प्रकरणं. पहिल्यात पत्त्यांचं राज्य आहे, दुसऱ्यात बुद्धिबळाचा पट. ट्वीडलडम-ट्वीडलडी, हम्प्टी डम्प्टी आणि जॅबरवॉकीची कविता हे सगळं दुसऱ्या पुस्तकातलं. पत्त्यांतली बदाम राणी आणि पटावरची लाल राणी या दोन वेगळ्या बायका आहेत. नवखे लोक या दोघींना एक करून टाकतात आणि मग त्या पात्राला धड स्वभावच उरत नाही.

कॅरलने १८८७ मध्ये आपल्या पात्रांच्या रंगमंचावरच्या रूपाबद्दल एक लेख लिहिला होता. त्यात त्याने हा फरक स्वच्छ सांगितला आहे. बदाम राणी म्हणजे आंधळा, दिशाहीन संताप. लाल राणीचा संताप थंड आणि शिस्तीचा, जगातल्या सगळ्या शिक्षिकांचा अर्क काढावा तसा. पांढरा ससा म्हातारा, भित्रा, सदा गोंधळलेला. आणि ॲलिस प्रेमळ, सगळ्यांशी अदबीने वागणारी, चटकन विश्वास ठेवणारी आणि अमर्याद कुतूहल असलेली. लेखकानेच नटांना दिलेल्या या सूचना आहेत. पहिल्या वाचनाच्या दिवशी त्या सगळ्यांना वाचून दाखवा.

दोन्ही पुस्तकांतले प्रसंग एकमेकांत कालवू नयेत असं कॅरलचं मत होतं. क्लार्कने मार्ग काढला: पहिला अंक पहिल्या पुस्तकावर, दुसरा अंक दुसऱ्यावर. पहिल्यांदा करत असाल तर मी तेही करू नका म्हणेन. एकच पुस्तक घ्या, आणि पहिलं घ्या.

हक्कांचं काम लवकर उरका

कॅरल १८९८ मध्ये गेला, चित्रकार जॉन टेनियल १९१४ मध्ये. मूळ इंग्रजी मजकूर आणि टेनियलची चित्रं कुणीही वापरू शकतं. मात्र इतर कुणी लिहिलेली तयार संहिता, एखादा मराठी अनुवाद किंवा चित्रपटातली गाणी यांचे हक्क वेगळे असतात. भारतात लेखकाच्या किंवा अनुवादकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात. त्यामुळे मूळ इंग्रजीवरून स्वतःची संहिता लिहिणं सगळ्यात मोकळं. महाराष्ट्रात तिकीट लावून जाहीर प्रयोग करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हे तालमी संपताना आठवून चालत नाही.

जाता जाता: ॲलिसचा झगा निळाच हवा असं काही नाही. टेनियलची मूळ चित्रं काळी-पांढरी आहेत. १८९० मध्ये लहान मुलांसाठी त्यांची रंगीत आवृत्ती निघाली, तिच्यात झगा पिवळा आहे.

सूत्र ठरल्याशिवाय एकही प्रवेश लिहू नका

हे पुस्तक रंगमंचावर पडतं ते इथे. कथेत प्रसंगामागून प्रसंग येतात, पण एकातून दुसरा निघत नाही. सुरवंट भेटला नसता तरी चहापान झालंच असतं. वाचताना हे खटकत नाही. प्रेक्षागृहात मात्र वीसाव्या मिनिटाला मुलं चुळबुळ करू लागतात, कारण पुढे काय होईल याची ओढच नसते.

मोठ्या मंडळींनी यावर वेगवेगळे उपाय केले. लंडनच्या रॉयल बॅलेसाठी ख्रिस्तोफर व्हील्डनने २०११ मध्ये जो बॅले बसवला, त्यात ॲलिस वयाने वाढवली आणि बदाम गुलामाबरोबर तिचं प्रेम जुळवलं. गुलामावर मिठाई चोरल्याचा आळ येतो, तो पळतो, ती त्याला शोधते आणि शेवटचा खटला आपोआप सगळ्याचा कळस होतो. २०१५ च्या ‘वंडर डॉट लँड’ या संगीतनाटकात, ज्याचं संगीत डेमन अल्बर्नचं होतं, आजची एक शाळकरी मुलगी इंटरनेटवरच्या खेळात शिरते. दोन्ही उपाय हुशारीचे आहेत, पण नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. नवी कथा जोडायची म्हणजे ती निभवावीही लागते.

पुस्तकातच एक सूत्र आहे आणि ते पुरेसं आहे. ही सात वर्षांची मुलगी नीट वागायला शिकलेली आहे, आणि तिला भेटणारा प्रत्येक मोठा माणूस किंवा प्राणी तिच्याशी उद्धट वागतो. तिला बोलू देत नाही, तिच्यावर नियम लादतो, तिलाच मूर्ख ठरवतो. सुरुवातीला ती माफी मागते. चहापानाला ती उठून निघून जाते. खटल्यात सरळ तोंडावर सांगते की हा मूर्खपणा आहे. हा चढ सांभाळला की नाटक उभं राहतं. प्रत्येक प्रवेश लिहिताना एकच विचारा: या प्रवेशाच्या शेवटी ॲलिस आधीपेक्षा थोडी कमी घाबरते आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो प्रवेश कितीही गमतीचा असो, काढा.

या कसोटीवर माझ्या मते राहतात ते प्रसंग असे: बिळातलं पडणं आणि लहान दार, अश्रूंचं तळं, सशाचं घर, सुरवंट, डचेसचं स्वयंपाकघर आणि मांजर, चहापान, राणीचा क्रोकेटचा खेळ (लाकडी हातोड्याने चेंडू कमानींतून मारायचा), खटला. नकली कासव आणि ग्रिफिन मला मनापासून आवडतात, पण ते खटल्याच्या तोंडावर येतात आणि वेग तोडतात. ठेवायचेच असतील तर त्यांचं एक गाणं ठेवा. एकूण प्रयोग मध्यंतराशिवाय सत्तर मिनिटांच्या आत बसवा.

ॲलिस कोण करणार?

१८८६ च्या प्रयोगात फीबी कार्लो नावाची लहान मुलगी ॲलिस होती. तिला घ्यावं असं कॅरलनेच सुचवलं होतं. तिला २१५ संवाद पाठ करावे लागले, आणि शेक्सपिअरच्या ‘मच अडू’मधल्या बिॲट्रिसपेक्षा ते जवळजवळ तिप्पट आहेत असं कॅरलने कौतुकाने लिहून ठेवलं. ॲलिस रंगमंच सोडतच नाही. पाणी प्यायलाही तिला विंगेत जाता येत नाही.

म्हणून निवड करताना गोडपणा पाहू नका. ऐकणारी मुलगी पाहा. ॲलिसचं निम्मं काम समोरच्याचं ऐकून त्यावर चेहऱ्याने उत्तर देण्याचं आहे. चाचणीत संवाद म्हणायला लावण्याऐवजी कुणाला तरी तिच्यासमोर निरर्थक बडबड करायला सांगा आणि ती काय करते ते बघा. हसून टाळणारी नको. बडबडीतून अर्थ लावायचा प्रयत्न करणारी हवी.

शाळेत दोन-तीन ॲलिस करायचा मोह होतो. लहान व्हायच्या प्रसंगी छोटी मुलगी, मोठं व्हायच्या प्रसंगी उंच मुलगी. दिसायला ते छान दिसतं, पण चढ तुटतो. भूमिका वाटायचीच असेल तर मध्यावर एकदाच बदला, आणि बदल प्रेक्षकांसमोर करा: पहिली ॲलिस केसांची फीत सोडून दुसरीच्या डोक्याला बांधते, बस.

डचेससाठी मात्र एखादा धिप्पाड मुलगा किंवा पुरुष नट बघा. ब्रिटिश पँटोमाइममध्ये, म्हणजे तिथल्या नाताळातल्या गाण्या-विनोदांच्या नाटकांत, अशा बायका पुरुषच करतात. आपल्यालाही ते नवं नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण आठवा.

लहान-मोठं होणं

हीच सगळ्यात मोठी भीती असते, आणि सगळ्यात जास्त पैसेही इथेच वाया जातात. पुस्तकातली मापं आधी कागदावर लिहून काढा. दार साधारण १५ इंच उंच. बाटलीतलं प्यायल्यावर ॲलिस १० इंच. केक खाल्ल्यावर ९ फुटांहून जास्त. सुरवंटाजवळ ३ इंच. डचेसच्या घरात शिरताना ९ इंच, चहापानाला २ फूट. नट मुलगी तर सगळा वेळ तेवढीच राहणार. म्हणजे मापं बदलायची ती भोवतालची.

काचेच्या टेबलापासून सुरुवात करा. गोष्टीत त्यावर सोन्याची किल्ली आहे. दोन टेबलं करा. पहिलं नेहमीचं. दुसरं म्हणजे फक्त एक जाडजूड पाय, साताठ फूट उंच, वर अंधारात नाहीसा होणारा. जाड पुठ्ठ्याच्या नळ्या एकावर एक चढवल्या की तो होतो, आणि दोन मुलं सहज ढकलून आणतात. ॲलिस बाटली तोंडाला लावते, प्रकाश क्षणभर तिच्या चेहऱ्यावर आवळून आणा, तेवढ्यात पहिलं टेबल आत, दुसरा पाय बाहेर. प्रकाश पसरला की ॲलिस त्या पायाला मिठी मारून वर बघते. किल्ली कुठे राहिली ते प्रेक्षकांना सांगावं लागत नाही.

सशाच्या घरात ती इतकी वाढते की हात खिडकीतून बाहेर येतो. टेनियलचं चित्र समोर ठेवून तीन-साडेतीन फूट उंचीचा घराचा फ्लॅट (नेपथ्याची रंगवलेली उभी चौकट) करा, खिडकीला खरं भोक पाडा आणि ॲलिसला त्याच्या मागे गुडघ्यावर बसवा. हात बाहेर आला की पहिला मोठा हशा इथे येतो. बिल नावाची पाल धुराड्यातून उडते तिच्यासाठी कापूस भरलेला मोजा पुरतो. मोजा वर फेकणाऱ्या मुलाची वेळ चुकता कामा नये, त्यासाठी मात्र वीस वेळा तालीम करा.

काही ठिकाणी काहीच करायला नको. सुरवंटाला ॲलिस म्हणते की ३ इंच ही काय उंची झाली, आणि सुरवंट संतापून ताठ उभा राहतो, कारण तो नेमका ३ इंचांचा असतो. इथे माप संवादानेच कळतं. खटल्यातही तसंच. ॲलिस पुन्हा वाढू लागते, शेजारचा झोपाळू डॉरमाउस (उंदरासारखा प्राणी) ‘चेंगरतेयस किती’ म्हणून कुरकुरतो आणि उठून दुसरीकडे बसतो. पुढे राजा वहीतून ४२ वा नियम वाचतो: एक मैलाहून उंच असलेल्या सर्वांनी न्यायालय सोडावं. ती म्हणते, मी मैलभर उंच नाही. बाकीचे माना वर करून तिच्या डोक्याच्या बऱ्याच वर बघत राहिले की मुलगी वाढलीच. उंची बाकीच्यांच्या मानेत असते, हे नटांना एकदा कळलं की निम्मं नेपथ्य वाचतं.

बिळातल्या पडण्याबद्दल एक. पुस्तकात ते पडणं संथ आहे. तिला कपाटं दिसतात, फडताळावरून ती मुरंब्याची बरणी उचलते आणि पुढच्या कपाटात ठेवूनही देते. म्हणून ब्लॅकआउट आणि किंकाळी नको. तिला एका लेव्हलवर (उंच चौथऱ्यावर) उभं करा, झग्याचा घेर हाताने जरा वर धरू द्या, आणि काळ्या कपड्यातली मुलं काठ्यांवर लावलेली कपाटं, नकाशे, बरण्या खालून वर संथपणे नेऊ देत. न्यूयॉर्कमध्ये आंद्रे ग्रेगरीच्या ‘मॅनहॅटन प्रोजेक्ट’ने १९७० मध्ये केलेल्या प्रयोगात मूठभर नट आणि जवळजवळ रिकामा रंगमंच होता. सारं जग त्यांनी स्वतःच्या शरीरांतून उभं केलं. पैसे नाहीत ही अडचण नाही, हे त्यावरून दिसतं. त्यांनी तालमी मात्र प्रदीर्घ काळ केल्या होत्या.

पत्ते: सगळ्या वर्गाला काम

शाळेसाठी हा भाग म्हणजे देणगी आहे. कॅरलने मिरवणुकीत पत्त्यांना कामं वाटून दिली आहेत: इस्पिक म्हणजे माळी, किलवर शिपाई, चौकट दरबारी, बदाम ही राजाची मुलं. माळी तीन, दुर्री, पंजी आणि सत्ती. बाकीचे तिन्ही गट दहा-दहांचे. म्हणजे तेहतीस मुलं इथेच लागली, वर राजा, राणी आणि गुलाम.

कपड्यासाठी पुढे-मागे दोन पाट्या आणि खांद्यावर पट्ट्या, एवढंच. मात्र एक गोष्ट जपा. राणी येताच माळी पालथे पडतात आणि राणीला ते कोण आहेत ते ओळखता येत नाही, कारण सगळ्या पत्त्यांची पाठ सारखीच. ही जागा मिळवायची तर सगळ्यांच्या पाठीची नक्षी हुबेहूब एकच हवी. ती प्रत्येक पालकावर सोडू नका, एकाच ठिकाणी छापून घ्या. दुसरं, साधा सनबोर्ड लावला तर मूल वाकूच शकत नाही, आणि क्रोकेटमध्ये शिपायांना वाकून कमानी व्हायचं असतं. पाटी कमरेपाशी कापा आणि मागून कापडाची पट्टी चिकटवून बिजागरी करा, किंवा सरळ फोम शीट वापरा.

क्रोकेटमध्ये बॅटच्या जागी फ्लेमिंगो आणि चेंडूच्या जागी हेजहॉग, म्हणजे अंगाचा काटेरी गोळा करणारा छोटा प्राणी. फ्लेमिंगोसाठी खांद्यापर्यंत येणारा गुलाबी मोजा ॲलिसच्या हातात चढवा, मूठ म्हणजे डोकं. ती मारायला जाते तेवढ्यात तिचाच हात वळून तिच्या तोंडाकडे बघतो. हे जमायला मुलीला आरशासमोर बराच सराव लागेल, पण एखादी महागडी बाहुली यापेक्षा चांगलं काम करणार नाही.

गाणी

पुस्तकातल्या बऱ्याच कविता त्या काळच्या मुलांना सक्तीने पाठ कराव्या लागणाऱ्या कवितांची विडंबनं आहेत. मगरीची कविता आयझॅक वॉट्सच्या मधमाशीवरच्या बोधपर कवितेवरची, ‘फादर विल्यम’ रॉबर्ट साउदीवरची. मूळ कविता माहीत नसली की विडंबनातली गंमत जाते, आणि आज इंग्लंडमधल्या मुलांनाही त्या माहीत नसतात. म्हणून मराठी प्रयोगात शब्दशः अनुवाद करू नका. ॲलिस शाळेतली एक ओळखीची कविता म्हणायला जाते आणि तोंडातून भलतंच बाहेर येतं, हे घडलं पाहिजे. ‘झेंडूची फुले’ आवडीने वाचणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. बालकवींची ‘आनंदी आनंद गडे’ सगळ्यांना पाठ असते आणि तिचे हक्कही कधीच संपले आहेत, तिच्यापासून सुरुवात करून पाहा. टोपीवाल्याचं ‘ट्विंकल ट्विंकल’चं वटवाघूळ मात्र आजही जसंच्या तसं चालतं, ती चाल आपल्या बालवाडीतल्या पोरांनाही येते.

मांजर आणि शेवट

चेशायर मांजर कमी होत होत शेवटी हसूच उरतं. प्रोजेक्टरवर लगेच जाऊ नका. व्हील्डनच्या बॅलेत हे मांजर तुकड्यातुकड्यांत आहे: डोकं, पाय, शेपटी वेगवेगळ्या काळ्या कपड्यातल्या माणसांच्या हातात, ती जवळ आली की मांजर, पांगली की काही नाही. पाच मुलांत हे सहज करता येतं. शेवटी दातांचा तुकडा एकट्याच्या हातात उरू द्या.

खटल्यात ॲलिस ओरडते की तुम्ही नुसते पत्ते आहात. पुस्तकात सगळा जोड उडून तिच्यावर कोसळतो. रंगमंचावर खरे पत्ते उधळायचे, पंखे लावायचे, हे सगळं करून लोक दमतात. त्याऐवजी तिच्या वाक्यासरशी सगळ्यांनी एकदम प्रेक्षकांकडे पाठ फिरवावी. राजा नाही, राणी नाही, शिपाई नाही, नुसती एकसारखी नक्षी. म्हणून पाठी एकसारख्या हव्यात असं वर म्हटलं. मग ॲलिस जागी होते, ताई तिला चहाची वेळ झाली सांगते, आणि पडदा. स्वप्नाचा अर्थ सांगणारं भाषण कुणाच्याही तोंडी घालू नका.

तालमींचा क्रम

पहिले दोन आठवडे पत्ते आणि प्राणी बाजूला ठेवून ॲलिसच्या दोघातिघांतल्या प्रवेशांच्या तालमी घ्या. चहापान सगळ्यात आधी बसवा. ते जमलं तर तुमच्या संहितेत दम आहे, नाही जमलं तर पुन्हा लिहायला वेळ आहे. टेबलाचा पाय, घराचा फ्लॅट आणि फ्लेमिंगोचा मोजा तिसऱ्या आठवड्यापासून तालमीत हवेतच. रंगीत तालमीच्या दिवशी या वस्तू पहिल्यांदा हातात आल्या तर मुलं संवाद विसरतात. गर्दीचे प्रवेश सगळ्यात शेवटी, पण ते घेताना सगळे हजर हवेत.

मधल्या काळात एक जुना प्रयोग मिळवून पाहा. इव्हा ल गॅलियनने न्यूयॉर्कच्या सिव्हिक रेपर्टरी थिएटरात १९३२ मध्ये केलेल्या नाटकात संवाद जवळजवळ सगळे कॅरलचेच होते आणि वेशभूषा टेनियलच्या चित्रांवरून आयरीन शराफने केली होती. १९८२ मध्ये ते नाटक पुन्हा आलं, त्यात केट बर्टन ॲलिस होती. १९८३ मध्ये अमेरिकन टीव्हीसाठी त्याचं रूपांतर झालं आणि त्यात केटचे वडील रिचर्ड बर्टन व्हाइट नाइट (दुसऱ्या पुस्तकातला पांढरा घोडेस्वार) झाले. त्यातली प्रत्येक युक्ती उचलू नका. केट प्रत्येकाचं बोलणं कशी ऐकते, तेवढं तुमच्या ॲलिसला दाखवा.